ग्रंथदान आणि ग्रंथरक्षण

महाराष्ट्राबाहेरील जुन्या मराठी वस्त्यांतून एक प्रसंग आम्हांस वारंवार पाहावा लागतो. घरातील वडीलधारे माणूस निवर्तते. पुढील पिढी मराठी बोलते, पण फारशी वाचीत नाही. आणि दोन-तीन कपाटे भरून असलेल्या पुस्तकांचे काय करावे असा प्रश्न उभा राहतो. कोणी तरी सुचवितो, ‘विद्यापीठाच्या ग्रंथालयास देऊन टाका.’ सूचना सद्हेतूची असते. परंतु दान दिले म्हणजे ते टिकलेच, असे मात्र नाही. ग्रंथदानाचा इतिहास ह्या बाबतीत बराच बोलका आहे.

ऑक्सफर्ड विद्यापीठाचेच उदाहरण घ्या. पाचव्या हेन्री राजाचा धाकटा भाऊ हम्फ्री ह्याने पंधराव्या शतकात, मुख्यतः १४३९ ते १४४४ ह्या काळात, ह्या विद्यापीठास सुमारे २८० हस्तलिखिते अर्पण केली. युरोपात छपाईचा प्रसार अद्याप व्हावयाचा होता. तेव्हा ह्या दानाचे मोल काय असेल ह्याची कल्पना करावी. त्यांच्यासाठी विद्यापीठाने मोठे दालन बांधले व ते १४८८ मध्ये खुले झाले. पण पुढे धर्मसुधारणेच्या धामधुमीत, १५५० मध्ये, राजाच्या अधिकाऱ्यांनी जुन्या पंथाचे म्हणून तेथील ग्रंथ काढून टाकले. विद्यापीठ त्या वेळी संपन्न नव्हते. गेलेल्या ग्रंथांच्या जागी नवे छापील ग्रंथ घ्यावेत एवढी प्राप्ती त्याच्यापाशी नव्हती. १५५६ मध्ये दालनातील लाकडी सामानही विकले गेले. एका राजपुत्राच्या दानाची दालन खुले झाल्यापासून सत्तर वर्षांच्या आत ही गत झाली.

त्याच रिकाम्या दालनाकडे पुढे सर टॉमस बॉडली ह्या निवृत्त मुत्सद्द्याचे लक्ष गेले. १५९८ मध्ये त्याने विद्यापीठास जे पत्र लिहिले, ते आमच्या मते प्रत्येक दात्याने अभ्यासावे असे आहे. दालनाची डागडुजी स्वखर्चाने करण्याचे वचन तर त्यात आहेच. परंतु त्याहून महत्त्वाचे वचन कायमच्या वार्षिक उत्पन्नाचे आहे. ग्रंथखरेदी, सेवकांचे वेतन आणि अन्य गरजा ह्यांसाठी दरवर्षी पैसा मिळेल अशी व्यवस्था आपण करू, असे तो लिहितो. ग्रंथालय ८ नोव्हेंबर १६०२ रोजी उघडले, तेव्हा तेथे सुमारे २,००० ग्रंथ होते. टॉमस जेम्स ह्या विद्वानास ग्रंथपाल नेमण्यात आले व १६०५ मध्ये छापील सूची निघाली. १६१० मध्ये लंडनच्या मुद्रक-प्रकाशकांच्या संघाशी करार होऊन, तेथे नोंदलेल्या प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत ग्रंथालयास मिळू लागली. ग्रंथालयास जमिनीचे उत्पन्नही त्याने जोडून दिले. दात्यांची नावे लिहिण्यासाठी एक भव्य नोंदवही ठेवण्यात आली. ती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या दृष्टीस पडे आणि दानाची प्रेरणा इतरांस होई. हम्फ्रीने ग्रंथ दिले. बॉडलीने ग्रंथालय चालण्याची सोय दिली. हाच दोन दानांतील भेद होय.

आता आपल्याकडे वळू. मुंबई विद्यापीठास प्रेमचंद रायचंद ह्यांनी १८६४ मध्ये प्रथम ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये दिले आणि त्याच वर्षी आपल्या मातेच्या नावे मनोऱ्यासाठी आणखी दोन लक्ष दिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि शेअरांच्या सट्ट्यात प्रेमचंदांचे दिवाळे वाजले. पण दिलेली रक्कम विद्यापीठाची झालेली होती. दाता बुडाला, दान वाचले. १८७८ मध्ये राजाबाई मनोरा पुरा झाला. मनोरा सर्वांच्या तोंडी आहे. त्याच्या पायथ्याशी असलेल्या ग्रंथालयासाठी पहिले दान होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. ह्याच ग्रंथालयास लाभलेल्या भगवतसिंहजी व भडकमकर स्मारक संग्रहांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची गो. वि. देवस्थळी ह्यांनी तयार केली व ती १९४४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या श्रमांवाचून दूरच्या अभ्यासकास त्या पोथ्यांचा पत्ता कसा लागता? सूची करणे हेही दानच होय.

मराठी माणसाने मराठी मुलखाबाहेर केलेल्या दानाचे उत्तम उदाहरण काशीस पाहावयास मिळते. भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतरकार आणि मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग ह्यांच्या स्मरणार्थ त्यांचे चिरंजीव प्रा. पां. का. तेलंग ह्यांनी आपला ग्रंथसंग्रह दिला आणि त्यावर १९१७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा आरंभ झाला. पंडित मदनमोहन मालवीय ह्यांनी ठिकठिकाणच्या दात्यांकडून ग्रंथ मिळवून तो संग्रह वाढविला. पुढे वडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या देणगीतून त्यास भव्य वास्तू लाभली व १९४१ मध्ये ग्रंथालय तेथे गेले. एकाने ग्रंथ दिले, एकाने घर दिले, आणि एकाने दारोदार मागण्याचे कष्ट दिले. तिघांपैकी एकही नसता तर काम अपुरेच राहते.

येथे आमच्या पदरचा एक अनुभव सांगणे प्राप्त आहे. एका निवृत्त शिक्षकाने आमच्या शाळेस दोन पेट्या पुस्तके दिली. आम्ही त्यांचा सत्कार केला, श्रीफळ दिले आणि पेट्या कोठीत ठेवल्या. नोंद करावयास माणूस नव्हता, बांधणीस पैसा नव्हता. तिसऱ्या पावसाळ्यानंतर पेट्या उघडल्या, तेव्हा निम्म्या पुस्तकांस वाळवी लागलेली होती. ते शिक्षक अधूनमधून भेटत आणि पुस्तकांची चौकशी करीत. त्यांस काय उत्तर द्यावे हे आम्हांस सुचत नसे. दोष दात्याचा नव्हता, आमचा होता. परंतु पुस्तकांबरोबर थोडी तरतूद आली असती, तर तो टळता, असेही वाटते.

म्हणून परिषदेच्या सभासदांस आमची विनंती अशी. आपल्या संग्रहाची यादी आपल्या हयातीतच करावी, कारण कोणती प्रत कोठून आली हे आपल्याखेरीज कोणास सांगता येणार नाही. ती यादी आधी ग्रंथपालास दाखवावी आणि त्यांच्यापाशी नसलेलेच ग्रंथ द्यावेत. संग्रह वेगळ्याच कपाटात, आपल्याच नावाखाली राहावा, असा हट्ट धरू नये. ग्रंथांबरोबर बांधणी व नोंदणी ह्यांसाठी यथाशक्ति रक्कम द्यावी. एकट्यास न झेपल्यास चौघांनी मिळून द्यावी. ज्यांच्यापाशी पैसा नाही, पण जुनी मराठी पुस्तके जाणणारी दृष्टी आहे, अशा निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातील दोन तास सूचीकामास द्यावेत. मराठी न जाणणाऱ्या ग्रंथपालास ह्याहून मोठे साहाय्य कोणते?

आपल्या गावांतून मराठी शिकणारी मुले कमी होत आहेत हे खरे. पण उद्या कोणी अभ्यासक विद्यापीठात येऊन येथील मराठी समाज काय वाचीत होता असे विचारील, तर त्याच्या हाती काही तरी लागले पाहिजे.