'जे' खाली, 'के' वर

परवा मेव्हण्याला ई-मेलने इंग्रजीत पत्र लिहायला बसलो. आमची बोटं टाईपरायटरवर वाढलेली. ती चालू असताना वर बघणं म्हणजे त्यांचा अपमान! चांगला परिच्छेदभर मजकूर बडवून मान वर केली, तर पत्र कोरं. आणि आलेल्या पत्रांच्या यादीतून चार-पाच पत्रं गायब. त्यांत लेकीचंही. त्याला तर मी अजून उत्तरसुद्धा दिलं नव्हतं.

"मामा, कर्सर चौकटीत नव्हता," भाचा म्हणाला. "तुमचं एकेक अक्षर त्या पानाने हुकूम समजून पाळलं. शॉर्टकट असतात ते. 'जे' म्हणजे खाली, 'के' म्हणजे वर."

आता 'डाउन'ला 'डी' आणि 'अप'ला 'यू' हे माझ्यासारख्यालाही सुचलं असतं. मग 'जे' कुठून आला? तर ही भानगड १९७६ ची, कॅलिफोर्नियातली. बर्कलेला बिल जॉय नावाचा विद्यार्थी 'व्हीआय' हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम करत होता. त्याच्यापुढचं एडीएम-३ए टर्मिनल इतकं काटकसरी, की बाणांच्या वेगळ्या कळाच नाहीत. एच, जे, के, एल यांच्याच डोक्यावर बाण छापलेले. बरं, 'जे'वर खालचाच का? तर 'जे' हे इंग्रजीतलं दहावं अक्षर, आणि आस्कीच्या कोष्टकात दहावी खूण ओळ खाली सरकवण्याची. बस्स, एवढ्यावर घराणं सुरू! ती टर्मिनलं भंगारात गेली, पण २००४ साली निघालेल्या जीमेलनेही 'जे' आणि 'के' ठेवून घेतले. (तिथे निदान ते आपण होऊन चालू करावे लागतात. माझी पत्रं पळवणारं दुकान वेगळं.)

वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१८ साली नियमच काढला: एकाच अक्षराचा शॉर्टकट ठेवाल, तर तो बंद करता यावा, बदलता यावा, नाहीतर ती चौकट निवडली असेल तेवढ्यापुरताच चालावा. कारण संगणकाला तोंडी मजकूर सांगणाऱ्यांचं बोलणंही असंच हुकूम होऊन सुटायचं. आमच्या दुकानदाराने तो वाचलेला दिसत नाही.

भाच्याने पत्रं दप्तरातून काढून दिली. वर तोडगाही सांगितला, की मराठी इन्स्क्रिप्ट चालू ठेवा. मग 'के'च्या कळीवर 'क' उमटतो, आणि अक्षर बघून चालणारं पान गोंधळून गप्प बसतं. (कळीची जागा बघणारी पानंही असतात, ती मराठीलाही दाद देत नाहीत.)

लेकीला त्याच रात्री मराठीत उत्तर लिहिलं, दर ओळीला मान वर करून. मेव्हण्याला पोस्टकार्ड टाकलं.