अँग्लिकन वेदीवरची भाकर

वडनेर भोलजीहून मलकापूरला जा की नांदुऱ्यावरून खामगावला, या पट्ट्यात प्रोटेस्टंट म्हटले की लोकांना अलायन्स मिशनच आठवते. त्या मंडळ्यांत प्रभुभोजन हे मुख्यतः ख्रिस्ताच्या मरणाचे स्मरण. त्यावरून समज रुजला तो असा: रोमन कॅथलिक वगळता सगळेच ख्रिस्ती भाकरीला आठवणीची खूण मानतात, आणि अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले ख्रिस्तीही, त्यातलेच. अँग्लिकनांपुरता हा समज खोटा आहे.

पूर्वपक्ष लेचापेचा नाही. आर्चबिशप क्रॅन्मरने १५५२ च्या प्रार्थनापुस्तकात भाकर देतानाच्या वाक्यातून ख्रिस्ताच्या देहाचा उल्लेख काढला आणि त्याच्या मरणाची आठवण ठेवून खा, असे सांगितले. गुडघे टेकणे ही भाकरीची पूजा नव्हे, तिथे ख्रिस्ताची वास्तव उपस्थिती नाही, अशी टीपही त्यात घुसली. इंग्लंडच्या चर्चच्या १५७१ च्या ३९ कलमांतले अठ्ठाविसावे कलम भाकरीचे द्रव्य पालटते हे मत साफ फेटाळते. हे सारे कबूल.

पण ते पुस्तक जेमतेम वर्षभर चालले. १५५९ मध्ये एलिझाबेथच्या राजवटीत आधीच्या, १५४९ च्या प्रार्थनापुस्तकातले देहाचे वाक्य परत आले, क्रॅन्मरच्या नव्या वाक्याला जोडूनच, टीप गळाली. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात ती पुन्हा आली, तेव्हा नकार उरला तो फक्त शारीरिक उपस्थितीला. आणि आक्षेपक ज्या अठ्ठाविसाव्या कलमावर भिस्त ठेवतात तेच पुढे म्हणते की ख्रिस्ताचा देह दिला जातो, घेतला जातो, खाल्ला जातो, मात्र स्वर्गीय आणि आत्मिक रीतीने. नुसती आठवण कोणी कोणाला खायला देत नाही! रिचर्ड हूकरने १५९७ मध्ये याचा उलगडा केला: ती उपस्थिती भाकरीत शोधू नका, योग्य रीतीने घेणाऱ्यात शोधा. मला हेच अँग्लिकन मताचे मर्म वाटते. देणे खरे आहे. ते कसे घडते, हा प्रश्न मोकळा ठेवला आहे.

महाराष्ट्रात या मोकळेपणाची दोन्ही टोके दिसतात. नाशिकजवळच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीचे लोक, विधींचा थाट टाळणारे. पुण्यात पंचहौदला कौली फादर्स हा अँग्लिकन संन्यासी संघ, संस्कारविधींना महत्त्व देणाऱ्या ऑक्सफर्ड चळवळीच्या मुशीतला. त्या चळवळीचा एक नेता पुसी याला १८४३ मध्ये याच विषयावरील प्रवचनापायी दोन वर्षे प्रवचनबंदी झाली होती. तरी दोन्हीकडे पुस्तक १६६२ चेच. 'षड्दर्शन-दर्पण' लिहून सहा दर्शनांचे खंडन करणारे नीळकंठशास्त्री, म्हणजेच नेहेम्या गोऱ्हे, कौलीकरांत रमले. (पंचहौद पुणेकरांच्या लक्षात आहे ते मात्र १८९० मध्ये तिथल्या मिशनमध्ये घेतल्या गेलेल्या चहामुळे. त्या कपांनी ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद पेटला, वेदीवरच्या प्याल्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही.)

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा अँग्लिकन बाप्टिस्टांसह इतर पंथांच्या शेजारी एकाच मेजाशी बसले. अलायन्स त्यात नव्हते. तेव्हा मलकापूरच्या मंडळीवरून पंचहौदच्या वेदीचा अर्थ लावण्याला इतिहासाचा आधार नाही.