एक मास्टर, चाळीस लॅपटॉप: ‘घोस्ट’ची गोष्ट

भोसरी एमआयडीसीत किंवा चाकणला एखाद्या कंपनीत चाळीस नवे लॅपटॉप आले, की आयटीतला मुलगा चाळीस वेळा विंडोज टाकत बसत नाही. तो एकच लॅपटॉप नीट तयार करतो, त्याच्या डिस्कची इमेज काढतो आणि ती बाकीच्या एकोणचाळीसवर उतरवतो. जुने टेक्निशियन याला अजूनही ‘घोस्ट करणं’ म्हणतात. हा शब्द आला कुठून, आणि या नकलेची किंमत कधी मोजावी लागते, ते आज बघू.

तसं पाहिलं तर एका मास्टरवरून हजार नगा काढणं आपल्या पट्ट्याला नवीन नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. पेनिसिलिन बनवताना जपून ठेवलेल्या बुरशीच्या मूळ वाणापासून सुरुवात करतात, ती वाढवत वाढवत मोठ्या टाकीपर्यंत नेतात. मूळ वाणात भेसळ झाली की अख्खी टाकी गेली. पुढे वाहन कारखाने आले, टूल रूम आल्या. तिथेही तेच. डाय चुकली तर प्रत्येक पार्ट चुकणार. नक्कल चांगलं-वाईट निवडत नाही, दोन्ही तितक्याच इमानदारीनं पुढे नेते.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. विंडोज ९५ फ्लॉपीवर घेतलं तर तेरा फ्लॉप्या यायच्या. एक संपली की दुसरी घाला, मग ड्रायव्हर टाका, मग प्रिंटर. एका मशीनवर अर्धा दिवस सहज जायचा. त्याच १९९५ साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या बायनरी रिसर्च कंपनीत मरे हॅझर्ड यांनी ‘घोस्ट’ लिहिलं. डिस्कवर जितकी जागा वापरात आहे तेवढीच उचलायची, रिकामी जागा सोडून द्यायची आणि सगळं एका फाइलमध्ये बांधायचं. १९९८ मध्ये सिमँटेकनं ते विकत घेतलं आणि ‘नॉर्टन घोस्ट’ हे नाव घरोघरी पोचलं. आज तेच काम फुकटात करणारं क्लोनझिला तैवानमधून आलंय.

दुसरी मोठी उडी मल्टिकास्टची. हिशोब करून बघा. ४० जीबीची इमेज, १०० मेगाबिटचं नेटवर्क, म्हणजे एका लॅपटॉपला साधारण तासभर. चाळीस लॅपटॉप एकामागून एक केले तर चाळीस तास. मल्टिकास्टमध्ये सर्व्हर एकदाच बोलतो आणि सगळे एकदम ऐकतात, रेडिओसारखं. काम तासा-दीड तासात उरकतं.

पण प्रत्येक विंडोज मशीनला इन्स्टॉल होताना एक ओळख क्रमांक मिळतो, त्याला एसआयडी म्हणतात. इमेज काढली की तोही जसाच्या तसा जातो. चाळीस मशीन, आधार नंबर एकच! म्हणून मायक्रोसॉफ्टनं सिसप्रेप दिलं. इमेज काढण्याआधी ते चालवायचं, म्हणजे मशीनची ओळख पुसली जाते आणि प्रत्येक नक्कल पहिल्यांदा सुरू होताना स्वतःची नवी ओळख घेते. मार्क रुसिनोविच यांनीही एसआयडी बदलणारं ‘न्यूसिड’ लिहिलं होतं. गंमत म्हणजे २००९ मध्ये त्यांनीच ते बंद केलं. मशीनचा एसआयडी दोन ठिकाणी सारखा असला तरी सहसा काही बिघडत नाही, ती भीती म्हणजे दंतकथा, असं त्यांनी लिहिलं. बऱ्याच जणांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला: सिसप्रेपची कटकट कशाला?

इमेजबरोबर आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे अ‍ॅडमिनचा पासवर्ड. चाळीस मशीनला एकच किल्ली. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा हल्ला झाला. हा प्रोग्राम विंडोजमधल्या त्रुटींचा फायदा घ्यायचाच, शिवाय एका मशीनमधून पासवर्ड चोरून शेजारच्या मशीनचं दार उघडायचा. जिथे किल्ली एकच, तिथे त्याचं फावलं. मर्स्क ही जहाज कंपनी कोलमडली आणि आपल्या न्हावा शेवाच्या जेएनपीटीमधलं तिच्या गटाचं टर्मिनलही ठप्प झालं. आपल्या पट्ट्यातल्या कारखान्यांचा निर्यातीचा माल याच बंदराकडे जातो, हे लक्षात घ्या.

मर्स्कनं दहा दिवसांत सुमारे ४५,००० पीसी आणि ४,००० सर्व्हर पुन्हा उभे केले. पण नेटवर्कमधल्या सगळ्यांची ओळख सांभाळणारे मुख्य सर्व्हर पुसले गेले होते. घानामधला एकच वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेली होती! म्हणजे हजारो नकला करायची तयारी असली, तरी शाबूत मूळ प्रत नसेल तर हात बांधलेले.

आणि आता २०२५. ऑगस्टच्या अखेरीपासून आलेल्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या एसआयडी तपासू लागल्या. दोन मशीनचा सारखा निघाला की शेअर फोल्डर उघडेना, रिमोट डेस्कटॉप लागेना. सोळा वर्षं ‘काही होत नाही’ म्हणून ढकललेलं काम एका अपडेटनं समोर आणून ठेवलं. मायक्रोसॉफ्टचं उत्तर साधं होतं: अशी मशीन नीट पद्धतीनं, म्हणजे सिसप्रेप वापरून, पुन्हा तयार करा.

तुमच्यापैकी कुणी आयटीआय, डिप्लोमा करून हार्डवेअरमध्ये उतरत असेल, तर एवढं लक्षात ठेवा. मास्टर मशीनवर आपली फाइल, आपलं लॉगिन ठेवू नका. सगळे अपडेट टाका, सिसप्रेप करा, मगच इमेज काढा. एक लॅपटॉप तयार करून दोन दिवस वापरून बघा, मग चाळीस करा. प्रत्येकाचा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा ठेवा. आणि इमेजची एक प्रत नेटवर्कपासून तोडून, कपाटात ठेवा. दरवेळी लाइट जाऊन आपल्याला वाचवेल असं नाही.

आजच्या भागात एवढंच. सायबर कॅफेत किंवा लॅबमध्ये काम करणारा मित्र असेल तर त्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात!