'जाणणे' या वेल्श क्रियापदाची कुळकथा

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट आणि बखरी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु रोजच्या बोलण्यातले एखादे क्रियापदही ताम्रपटाहून जुनी साक्ष देऊ शकते. ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स देशाच्या भाषेतले असे एक क्रियापद आज आम्ही श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

वेल्श भाषेत 'जाणणे' याला 'ग्विबॉड' म्हणतात. हा जोडशब्द आहे. त्यातील 'बॉड' म्हणजे असणे. पूर्वपद मूळचे 'ग्विद'. त्यातला 'द' जोडशब्दात झिजला, पण 'आम्ही जाणतो' या अर्थाच्या 'ग्वदॉम' या रूपात तो टिकून आहे. आता एक नियम ध्यानात घ्यावा. मूळ भाषेतील शब्दारंभीच्या 'व'चा वेल्शमध्ये 'ग्व' होतो. संस्कृतात जी 'विधवा' ती तेथे 'ग्वेदू'. संस्कृतातला 'वात' तो तेथे 'ग्विंट'. हाच नियम उलट लावला की 'ग्विद'मधून 'विद्' प्रकट होतो. वेद, विद्या, विद्वान यांचा हाच धातू! आणि 'बॉड' म्हणजे 'भू'. त्यापासूनच प्राकृतामार्गे आपले 'होणे' आले. 'विद्'चा मूळ अर्थ पाहणे. लॅटिनमध्ये तो तसाच राहिला. जे पाहिले ते जाणले, असा हा अर्थाचा प्रवास आहे. मात्र वेल्श ही संस्कृतातून निघाली असे कोणी समजू नये. दोघीही एका लुप्त भाषेच्या लेकी आहेत.

कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एकच असावे असे सांगितले, तेव्हा केल्टिक भाषाही त्याच कुळातील असाव्यात असे सुचविले. वेल्श ही त्या केल्टिक भाषांपैकीच एक. जोन्स यांचे वडील वेल्समधील अँग्लसी बेटाचे, हा योगायोग मोठा गोड आहे. पुढे फ्रान्झ बॉप या जर्मन पंडिताने व्याकरणाच्या आधारे हे नाते दाखवून दिले.

असे असताना १८४७ साली सरकारी आयुक्तांनी वेल्समधील शिक्षणाचा अहवाल दिला आणि वेल्श भाषा ही लोकांच्या प्रगतीतील धोंड ठरविली. त्या आयुक्तांना वेल्श येत नव्हती! निळ्या वेष्टनातील त्या अहवालाला वेल्स 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणून ओळखतो. ज्या भाषेवर अज्ञानाचा शिक्का मारला, तिच्या 'जाणणे' या शब्दातच वेदाचा धातू नांदत होता.

२०२१ च्या शिरगणतीत वेल्समधील सुमारे ५,३८,००० लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येते असे नोंदविले. कोणत्याही भाषेला अडाणी म्हणण्यापूर्वी तिचा एखादा शब्द उलगडून पाहावा, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.