खोंडाचा बैल

टेस्टोस्टेरॉन हा शब्द १९३५ सालचा. पण ही काय चीज आहे ते शिरूर-दौंडकडच्या शेतकऱ्याला त्याआधी कित्येक पिढ्या ठाऊक होतं. भीमेच्या या काठाला वडगाव रासाईत विचारा नाहीतर पलीकडे दौंड तालुक्यात: खोंड बडवला की त्याचा बैल होतो. रग जाते, मारकेपणा जातो, गडी मुकाट औताला चालतो. म्हणजे वृषणातून अंगभर काहीतरी जात असतं आणि ते थांबलं की जनावर बदलतं. हेच जर्मनीत बेर्टोल्ड नावाच्या गृहस्थांनी १८४९ साली कोंबड्यांवर रीतसर सिद्ध केलं. वृषण काढले की तुरा सुकतो, पोटात परत बसवले की पुन्हा टवटवीत!

आता माणसाचं डोकं कसं चालतं बघा. काढल्याने जातं, तर घातल्याने येणारच की! आपल्याकडे सुश्रुतसंहितेत वाजीकरणासाठी बोकडाचे वृषण दुधात शिजवायला सांगितलेत. आणि १८८९ मध्ये पॅरिसला ब्राउन-सेकार हे ७२ वर्षांचे नामांकित शास्त्रज्ञ उठले आणि कुत्र्याच्या नि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःलाच टोचून घेतला. ताकद आली, पोट साफ झालं, कामाचा उरक वाढला, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. जगभर अर्क विकले गेले. गंमत म्हणजे टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. २००२ साली ऑस्ट्रेलियात त्यांच्याच कृतीने अर्क बनवून पाहिला, तर त्यात हार्मोन नावालाच. म्हणजे सगळा मनाचा खेळ. पुढे १९२० च्या सुमारास व्होरोनॉफ यांनी माकडाच्या वृषणाचे तुकडे श्रीमंत म्हाताऱ्यांना बसवले. असो.

आपल्याकडे तेव्हा वेगळीच भीती होती. वीर्य गेलं की आयुष्य गेलं! र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं, आणि वाचकांच्या असल्या खाजगी शंकांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. वकील होते डॉ. आंबेडकर. खटला हरले. आजही या विषयावर आपण डॉक्टरांऐवजी जिममधल्या ट्रेनरला विचारतो, ते उगाच नाही.

१९३५ ला खरं टेस्टोस्टेरॉन सापडलं आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयारही झालं. मग १९४१ मध्ये हगिन्स यांनी दाखवलं की वृषण काढले तर प्रोस्टेटचा कॅन्सर आटोक्यात येतो. त्याचीच दुसरी बाजू म्हणून 'टेस्टोस्टेरॉन दिलं तर कॅन्सर वाढतो' ही भीती पुढची साठेक वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिली. मूळ पुरावा मात्र अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या रुग्णांचा.

नंतर पाळी हृदयाची. काही अभ्यासांत हार्ट अटॅक वाढलेले दिसले, म्हणून २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने लेबलवर इशारा छापायला लावला. उत्तर मिळायला २०२३ उजाडलं. ट्रॅव्हर्स या चाचणीत ४५ ते ८० वयाचे, टेस्टोस्टेरॉन कमी असलेले आणि हृदयाचा धोका असलेले ५ हजारांहून अधिक पुरुष होते. हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून प्रमाण ७.० टक्के, आणि ज्यांना नुसतं नावापुरतं औषध दिलं त्यांच्यात ७.३. म्हणजे फरक नाही. पण अनियमित ठोके, फुप्फुसात रक्ताची गाठ आणि किडनीचा त्रास जास्त दिसला. हाडं मजबूत होतील असं वाटत होतं, तर २०२४ च्या विश्लेषणात फ्रॅक्चरही जास्त! २०२५ मध्ये हृदयाचा इशारा निघाला, रक्तदाबाचा आला. आणि ही पाहणी सरासरी ३३ महिन्यांची. वीस वर्षं घेतलं तर काय, हे त्यातून कळत नाही. अठ्ठाविशीतल्या पोरांचं तर नाहीच, कारण ती त्यात नव्हतीच.

त्या पोरांचा प्रश्न वेगळा आहे. आपल्या धंद्याच्या भाषेत हा फीडबॅक लूप. बाहेरून हार्मोन आला की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे. तो वृषणांना सिग्नल पाठवणं बंद करतो. वृषण आकसतात, शुक्राणू बनणं थांबतं. हे इतकं भरवशाचं आहे की जागतिक आरोग्य संघटनेने सात देशांतल्या २७१ पुरुषांना दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉन टोचून ते गर्भनिरोधक म्हणून तपासलं. १९९० चा निष्कर्ष: सहा महिन्यांत सुमारे ६५ टक्क्यांमध्ये शुक्राणू शून्य. बैल करायचा तर बडवायलाच हवं असं नाही.

थांबवल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं, पण काहींना वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि जिममध्ये चार औषधं एकत्र घेणाऱ्यांना त्याहून जास्त. दरम्यान लग्न झालेलं असतं. मूल होत नाही म्हटलं की आपल्याकडे आधी तपासण्या सुनेच्या. नवऱ्याने लग्नाआधी शरीर कमवायला काय टोचलं होतं, हे कुणी विचारत नाही, आणि तोही सांगत नाही.

जन्मतः किंवा पिट्यूटरीच्या आजाराने ज्यांचा हार्मोन खरोखर कमी आहे, त्यांना उपचार लागतात आणि त्यांचं भलं होतं. पण त्यासाठी सकाळची रक्ततपासणी, तीही दोनदा. आणि मूल हवं असेल तर डॉक्टर टेस्टोस्टेरॉन देतच नाहीत, वृषणांना कामाला लावणारी दुसरी औषधं देतात. पण त्यासाठी 'मला मूल हवंय' हे पहिल्या इंजेक्शनच्या आधी सांगावं लागतं.