मॉन्सन गावचे बदलत्या नळ्यांचे रिव्हॉल्व्हर

अमेरिकेतील कनेक्टिकट नदीच्या तीरावर, मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डपासून दक्षिणेस हार्टफर्डपर्यंत जी गावे वसली आहेत, त्यांचा इतिहास बंदुकीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. १७९४ साली स्प्रिंगफील्ड येथे सरकारी शस्त्रशाळा स्थापन झाली, आणि तेव्हापासून १९६८ साली सरकारी हुकुमानेच तिचे दरवाजे बंद होईपर्यंत, त्या परिसरातील लोहार, ओतारी, कातारी आणि यंत्रकार यांच्या पिढ्या एकाच विद्येवर पोसल्या गेल्या. ती विद्या म्हणजे पोलादाचा एकच भाग शेकडो वेळा असा हुबेहूब घडविणे की, एकाच्या जागी दुसरा बसविला तरी हत्याराच्या चालीत काडीमात्र फरक पडू नये.

१८५४ साली ब्रिटिश सरकारचे एक तज्ज्ञ मंडळ या शस्त्रशाळेच्या पाहणीस आले, तेव्हा लागोपाठच्या दहा वर्षांत तयार झालेल्या दहा बंदुका त्यांच्यासमोर खोलण्यात आल्या, त्यांचे भाग एकमेकांत मिसळण्यात आले, आणि हाताला येईल तो भाग घेऊन त्या पुन्हा जुळविण्यात आल्या. मंडळी इतकी प्रभावित झाली की परत जाताना त्यांनी एन्फील्डच्या सरकारी कारखान्यासाठी अमेरिकी यंत्रसामग्रीची मागणीच नोंदविली. (एन्फील्ड हे नाव आपल्याकडे तीनच वर्षांनी, काडतुसांच्या प्रकरणामुळे, निराळ्याच अर्थाने सर्वतोमुखी झाले.) परंतु या अदलाबदलीचा लाभ कोणाचा, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. लाभ सरकारचा होता, कारखानदाराचा होता, रणभूमीवर मोडकी हत्यारे दुरुस्त करणाऱ्या फौजी कारागिराचा होता. ज्याने पदरचे दाम मोजून एखादे रिव्हॉल्व्हर विकत घेतले, त्या साध्या गिऱ्हाइकाला मात्र कारखान्याने बसवून दिलेली नळी जन्मभर निमूटपणे वागवावी लागे. अदलाबदलीचा हा हक्क गिऱ्हाइकाच्या हाती देण्याचे कार्य पुढे शतकाहून अधिक काळाने, त्याच नदीखोऱ्यातल्या एका घराण्याच्या वंशजाने केले.

हे घराणे वेसन यांचे. डॅनियल बेअर्ड वेसन हा १८२५ साली जन्मलेला तरुण आपल्या वडील भावाच्या, एडविनच्या, हाताखाली बंदुका घडविण्यास शिकला. होरेस स्मिथ या आपल्याहून सतरा वर्षांनी वडील असलेल्या कारागिराशी त्याने प्रथम १८५२ साली कनेक्टिकटमधील नॉर्विच येथे, व ती भागीदारी मोडल्यावर पुन्हा १८५६ साली स्प्रिंगफील्ड येथे भागी केली. या दुसऱ्या भागीच्या भरभराटीचे मूळ एका करारनाम्यात होते. गोळ्यांचे फिरते चक्र आरपार कोरून त्यात मागच्या बाजूने काडतूस भरता यावे, या कल्पनेचे पेटंट रॉलिन व्हाइट नावाच्या गृहस्थापाशी होते; त्याला दर रिव्हॉल्व्हरमागे पाव डॉलर देण्याचे स्मिथ व वेसन यांनी कबूल केले. सकृद्दर्शनी हा सौदा व्हाइटच्या हिताचा वाटतो. पण पेटंटावर अतिक्रमण करणाऱ्यांवर दावे लावण्याचा सारा खर्च व्हाइटने सोसावा, अशी एक अटही त्या कागदात होती, आणि मिळकतीचा केवढा तरी भाग त्या बिचाऱ्याला वकिलांच्या पदरात ओतावा लागला. १८६९ साली पेटंटाची मुदत संपली. ती वाढवून देणारे विधेयक काँग्रेसने मंजूर केले, पण राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यावर सही करण्याचे नाकारले. वेसन घराण्याचा भाग्योदय तोवर होऊन चुकला होता. व्हाइटचे नाव आज अभ्यासकांखेरीज कोणाला ठाऊक नसते, याची मला थोडी खंत वाटते.

याच घराण्यातील डग्लस वेसन यांच्या पुढाकाराने १९३५ साली .३५७ मॅग्नम हे त्या काळी अपूर्व जोराचे काडतूस व त्याचे रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनने बाजारात आणले. पुढे १९६० नंतरच्या दशकात ही पेढी बँगर पुंटा नावाच्या, नानाविध उद्योग एका छत्राखाली गोळा करणाऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली. मूळ पुरुषाचा पणतू, डॅनियल वेसन दुसरा, तोवर आयुष्याचा मोठा भाग वाडवडिलांच्या कारखान्यात घालवून बसला होता. परक्यांच्या हाती गेलेल्या नावाकडे पाहत उरलेले दिवस कंठण्यापेक्षा आपल्याच नावाने नवा कारखाना काढावा, असे त्याने ठरविले, आणि १९६८ साली स्प्रिंगफील्डच्या पूर्वेस थोड्या अंतरावर, ग्रॅनाइटच्या खाणी आणि लोकरीच्या गिरण्या यांसाठी एके काळी नावाजलेल्या मॉन्सन गावी, डॅन वेसन आर्म्स या कंपनीची नोंदणी झाली. त्याच वर्षी शेजारची सरकारी शस्त्रशाळा बंद पडली. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने शस्त्रांच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा केला, आणि त्या कायद्याच्या दृष्टीने ‘शस्त्र’ म्हणजे हत्याराची चौकट, जिच्यावर अनुक्रमांक कोरलेला असतो ती, असे ठरले. नळी हा निव्वळ सुटा भाग. तिला नोंद नाही, दप्तर नाही. मॉन्सनचा माल पुढे ज्या रीतीने वापरला गेला, तिला कायद्याची ही बारीक व्याख्या किती अनुकूल ठरली, हे निराळे सांगावयास नको: चौकट एकदा रीतसर खरेदी केली की जादा नळ्या टपालाने मागवाव्या.

नव्या कारखान्याजवळ भांडवल बेताचे होते, परंतु त्यास कार्ल लुईस हा असामान्य रचनाकार लाभला. ब्राउनिंग कंपनीची बीएलआर नावाची रायफल आणि अमेरिकी सैन्याचे एक्सएम १४८ हे ग्रेनेड फेकण्याचे साधन ज्याच्या डोक्यातून निघाले, तोच हा लुईस. बदलत्या नळीची त्याची युक्ती समजून घ्यावयाची तर साध्या रिव्हॉल्व्हरची घडण आधी ध्यानात घ्यावी लागते. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये जाडजूड नळी, तिच्यावरची माशी आणि खालचा उंचवटा हे सारे एकसंध असते. ही नळी चौकटीत इतकी घट्ट पिळून बसविलेली असते की ती काढणे हे तरबेज कारागिराचे काम. शिवाय नळीचे मागचे टोक व फिरते चक्र यांच्यामध्ये जी अतिसूक्ष्म फट ठेवावी लागते, ती कारखान्यात एकदा ठरली की ठरली. ही फट फार रुंद झाली तर जळत्या दारूचा वायू आडवा निसटतो व गोळीचा वेग घटतो. फार अरुंद झाली तर काजळी साचून आणि उष्णतेने पोलाद फुगून चक्र अडकू लागते. रिव्हॉल्व्हरच्या गुणदोषांचे मर्म या फटीत आहे, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

लुईसने नळीचे दोन भाग केले. आतली नळी सडपातळ, दोन्ही टोकांस आटे पाडलेली. तिच्यावर चढविण्याचे एक भरभक्कम आवरण, ज्याच्या माथ्यावर माशी. चौकटीत नळी हातानेच फिरवीत जावयाचे, चक्र व नळी यांमध्ये फीलर गेजची पातळ पोलादी पट्टी धरावयाची (.३५७ च्या रिव्हॉल्व्हरसाठी कारखान्याने नेमून दिलेली जाडी इंचाचा सहा सहस्रांश), पट्टी किंचित अडखळत सरकू लागली की थांबावयाचे, मग आवरण चढवून ते चौकटीवरील लहानशा खुंटीशी जुळवावयाचे, आणि शेवटी नळीच्या तोंडाशी नट लावून तो खास पान्याने आवळावयाचा. नट आवळताच आवरण दाबले जाते आणि आतली नळी दोन्ही टोकांस ताणली जाते, जशी खुंटी पिळताच तंबोऱ्याची तार ताणली जावी. या ताणामुळे गोळी सुटताना नळीची थरथर दर खेपेस सारखीच राहते, असे जाणकार सांगतात, आणि डॅन वेसनच्या अचूकतेची जी ख्याती झाली तिचे श्रेय ते या ताणाला देतात. चक्र बाहेर काढण्याची कळही लुईसने चालीप्रमाणे मागे, अंगठ्याजवळ, न ठेवता चक्राच्या पुढे बसविली. त्यामुळे चक्र नळीच्या बाजूनेच जखडले जाते, पण पहिल्यांदा ते हाताळणाऱ्याचा अंगठा मागच्या बाजूस व्यर्थ चाचपडत राहतो. मूठ एकसंध लाकडाची, एका स्क्रूवर चढविलेली. चौकटीचा आकार मुठीला बांधून ठेवीत नसल्यामुळे ज्याला आपल्या पंजाच्या मापाची मूठ कोरून घ्यावयाची असेल, त्याला अक्रोडाच्या एका ठोकळ्यापलीकडे काही लागत नाही.

१५-२ या क्रमांकाने प्रसिद्ध असलेल्या रिव्हॉल्व्हरसाठी अडीच इंचांपासून पंधरा इंचांपर्यंत नळ्या मिळत. कारखान्याने एक ‘पिस्टल पॅक’ही विक्रीस ठेवला होता: कचेरीत न्यावयाच्या पेटीसारख्या पेटीत अडीच, चार, सहा व आठ इंची नळ्या आपापल्या आवरणांसह, जादा मूठ, रंगीबेरंगी माशा, पाना आणि फीलर गेज. एका चौकटीतून चार हत्यारे! या पेटीचा धनी होण्यात जो आनंद आहे, तो केवळ नेमबाजाचा आनंद नव्हे. घड्याळ खोलून पुन्हा जुळविणाऱ्याला जो लाभतो, त्या जातीचा तो आहे. मात्र जाहिरातीने एक गोष्ट फारशी उच्चारली नाही. माशी आवरणावर असल्यामुळे प्रत्येक नळीचा नेम निराळा लागतो. नळी बदलली की मागचा नेमदर्शक पुन्हा जुळवावा लागतो, आणि कोणत्या नळीस किती फेरे द्यावयाचे याचे टिपण ठेवावे लागते. ज्यांना हा खटाटोप जाच वाटतो त्यांची चार इंची नळी एकदा चढली की कायमची राहते. त्यांनी हे रिव्हॉल्व्हर घेतलेच कशाला, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

या कारखान्याचे भाग्य खऱ्या अर्थाने उदयास आले ते मात्र संस्थापकाने बहुधा स्वप्नातही न पाहिलेल्या एका खेळामुळे. मेक्सिकोत पोलादी पत्र्यातून कापलेल्या कोंबडी, रानडुक्कर, टर्की आणि मेंढा यांच्या आकृत्या दूरवर मांडून रायफलीने पाडण्याची स्पर्धा रूढ होती. १९७५ च्या सुमारास ॲरिझोनातील नेमबाजांनी हीच स्पर्धा हातातल्या शस्त्रांनी खेळण्यास प्रारंभ केला. अंतरे पन्नास, शंभर, दीडशे व दोनशे मीटर. रिव्हॉल्व्हरने दोनशे मीटरवरचा पोलादी मेंढा टिपणे, ही कल्पनाच जुन्या पठडीतल्या लोकांना वेडेपणाची वाटे. नियमानुसार साध्या गटातील शस्त्राची नळी पावणेअकरा इंचांहून व वजन चार पौंडांहून अधिक नसावे. मॉन्सनच्या आठ व दहा इंची नळ्या या चौकटीत नेमक्या बसत, आणि जड आवरणामुळे झटकाही सुसह्य होई. तथापि मेंढ्याला गोळी लागून तो पडला नाही तर गुण नाही, आणि .३५७ ची गोळी दोनशे मीटरवर कित्येकदा नुसती टणत्कार करून राहत असे. म्हणून .४४ मॅग्नमचे भारी रिव्हॉल्व्हर निघाले, आणि त्यामागोमाग, या क्रीडेचे धुरीण एल्जिन गेट्स यांच्या प्रेरणेतून, अधिक लांब काडतुसांची ‘सुपरमॅग’ मालिका. त्यांतील .३५७ मॅक्सिममच्या दारूचा भडका असा प्रखर की फटीजवळचे पोलाद झिजू लागले. रूगर कंपनीने या काडतुसाचे आपले रिव्हॉल्व्हर बाजारातून मागे घेतले. डॅन वेसनच्या धन्याने मात्र झिजलेली नळी काढली व दुसरी चढविली.

डॅनियल वेसन १९७८ साली वारले. त्यांच्यामागे कंपनीची मालकी हातोहात फिरत राहिली. १९९१ च्या सुमारास ती पुन्हा वेसन कुटुंबाकडे आली, बिऱ्हाड मॉन्सनहून जवळच्या पामर गावी हलले, आणि अवघ्या चार वर्षांत दिवाळे वाजले. १९९६ साली नवीन मालकाने सामग्री विकत घेऊन कारखाना न्यूयॉर्क राज्यातील नॉर्विच येथे नेला. (पहिल्या वेसनची भागी ज्या नॉर्विचला मोडली ते कनेक्टिकटमधले, नामसाम्य केवळ योगायोगाचे.) जुनी यंत्रे झिजलेली निघाली, आणि हळूहळू कंपनीने आपले लक्ष कोल्टच्या १९११ च्या घडणीच्या पिस्तुलांकडे वळविले, २००५ पासून ती सीझेड या चेक कंपनीच्या अमेरिकी शाखेची मालमत्ता आहे. या अपयशाची कारणे अनेक सांगितली जातात. पोलिस खात्यांच्या मोठमोठ्या मागण्या स्मिथ अँड वेसन व कोल्ट यांच्याकडेच जात, आणि पुढे पुढे तर रिव्हॉल्व्हरच मागे पडून पिस्तूल पुढे आले, हे खरेच आहे. परंतु माझ्या मते त्या युक्तीतच तोट्याचे एक बीज होते. ज्या गिऱ्हाइकाला एरवी चार रिव्हॉल्व्हरे विकता आली असती, त्याला या कारखान्याने एकच विकले आणि वर ते घरी दुरुस्त करण्याची हत्यारेही दिली.

त्यामुळे आज अमेरिकेत जो कोणी जुने डॅन वेसन विकत घेऊ इच्छितो, त्याने दुसऱ्याच्या संसाराची झडती घेण्याची तयारी ठेवावी. पहिली पाहावयाची ती चौकटीवरील अक्षरे. मॉन्सनची मोहोर असलेल्या मालाला रसिकांत अधिक मान आहे, आणि पामरच्या मालाविषयी मते विभागलेली आहेत. नळीची लांबी आवरणाच्या लांबीशी जुळते की पूर्वीच्या धन्याने सहा इंची नळीवर भलतेच काही चढविले आहे, हे पाहावे. आरंभीच्या घडणीत नट नळीच्या तोंडाशी बाहेर उघडा दिसतो, १५-२ मध्ये तो आवरणाच्या पोटात लपलेला असतो. तेव्हा एका घडणीचे आवरण दुसरीला चालेल असे गृहीत धरू नये. नटाच्या खाचा पाहाव्या. पाना हरवल्यावर पक्कडीने झालेले अत्याचार तेथे स्पष्ट उमटलेले असतात, आणि त्यावरून आधीच्या मालकाचा स्वभाव कळतो. घोडा हळूहळू मागे ओढून चक्र प्रत्येक घराशी पूर्ण जखडते की नाही, हे तपासावे. फटीची मात्र फारशी चिंता करू नये; विक्रेत्याने ती कितीही बेफिकिरीने सोडलेली असली, तरी पेटीत पाना आणि फीलर गेज शिल्लक असतील तर ती त्याच संध्याकाळी घरच्या मेजावर बसून आपल्याला हवी तेवढी करून घेता येते.