जेऊरची दोन मिनिटे

शुक्राचे सूर्यबिंबावरील अधिक्रमण शतकात फार तर दोनदा घडते, म्हणून त्याचे एवढे अप्रूप. परंतु एकाच गावावर सूर्य संपूर्ण ग्रासला जाणे हे त्याहूनही दुर्मिळ होय. सरासरीने तो योग सुमारे पावणेचारशे वर्षांतून एकदा येतो. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळे तालुक्यातील जेऊर गावास तो २२ जानेवारी १८९८ रोजी लाभला.

काळ मोठा कठीण होता. १८९६-९७ च्या दुष्काळाची झळ ताजी होती आणि मुंबई-पुण्यास प्लेगाने ग्रासले होते. अशा वेळी भर दुपारी अंधार पडणे कित्येकांस अरिष्टसूचक वाटले असल्यास नवल नाही. तथापि ग्रहण अवचित मात्र आले नव्हते. स्पर्शापासून मोक्षापर्यंतचे गणित आपल्या पंचांगकर्त्यांस शतकानुशतके अवगत होते; स्नान, जप आणि दान यांच्या वेळा त्यावरच बेतलेल्या असत.

पण श्रोतेहो, ग्रहण केव्हा लागेल हे सांगणे निराळे आणि ग्रासलेल्या सूर्यास त्याच्या घटनेविषयी प्रश्न विचारणे निराळे. सूर्याभोवतीचे फिकट प्रभामंडल एरव्ही त्याच्याच तेजात लोपलेले असते. चंद्राने बिंब झाकले म्हणजेच ते डोळ्यांस दिसते. जेऊर ग्रहणाच्या पट्ट्यात होते आणि पुणे-सोलापूर लोहमार्गावरही होते, त्यामुळे अवजड यंत्रे तेथवर नेता येत. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन तेथे आले. त्याच गावी पुण्याच्या सायन्स कॉलेजातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही आपली यंत्रे मांडली. खग्रास अवस्था अवघी दोन मिनिटांच्या सुमारास टिकली. तेवढ्यात काचा बदलून प्रभामंडलाची व वर्णपटाची छायाचित्रे घ्यावयाची. हात चुकला तर दुरुस्तीस सवड नाही. सुदैवाने आकाश निरभ्र होते आणि दोन्ही पथकांचे वेध साधले.

हिंदी शास्त्रज्ञ पाश्चात्यांच्या बरोबरीने वेध घेऊ शकतो, हे जेऊरने दाखविले. पुढची कथा मात्र खेदाची आहे. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद पडली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालास गेली. पंचांगाचे गणित पिढ्यान्‌पिढ्या टिकले, कारण एकाची विद्या घेण्यास दुसरा तयार असे. वेधशाळा एका पुरुषाच्या कर्तृत्वावर उभी राहते. ती टिकते मात्र त्याच्या शिष्यांवर.